हमीदा, रेंज होती

हमीदा, तुला मातीला नेल्यावर लोक तुझ्या ओट्यावर बसून जे बोलले, त्यातलं निम्मं खोटं होतं. एक जण म्हणाला, बाई फार शांत होती. दुसरा म्हणाला, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी आत बायांमध्ये बसून ऐकत होते. मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या मयतीला आलो की काय. तुझा आवाज ओढा ओलांडून आमच्या गावात यायचा. तू शेळीला हाक मारलीस की आमच्याकडची पोरं वळून बघायची.

मी तिथं काही बोलले नाही. मयतीच्या घरी खरं बोलत नाहीत, एवढी रीत मला कळते. आता तुझा चाळिसावाही होऊन गेला. म्हणून लिहिते.

आजवर मी जे लिहिलं ते तू सांगायचीस म्हणून लिहिलं. तू उर्दू शाळेत सातवी, मी मराठी चौथी. मराठी अक्षर तुला वाचता यायचं, लिहिताना मात्र तुझा हात अडायचा. म्हणून तहसीलला जायचा प्रत्येक अर्ज तू बोलायचीस आणि मी लिहायचे. तू पाऊण तास बोलायचीस, माझ्या कागदावर चार ओळी यायच्या.

"काय लिहून राह्यली गं? मी एवढं बोलले, ते कुठं गेलं?"

"शिव्या गाळल्या."

"शिव्या कशाला गाळल्या? त्याच्याबिगर साहेबाला कळायचं कसं?"

मंग तू कागद हातात घेऊन एकेका शब्दावर बोट फिरवायचीस आणि शेवटी म्हणायचीस, बराबर आहे. तुझं बराबर आल्याशिवाय मी कागदाची घडी घालत नव्हते. हा कागद तुझ्या बराबरशिवाय जायचा आहे.

आपली दोन गावं घनसावंगी तालुक्यात गोदावरीच्या काठाला. माझं वरच्या अंगाला, तुझं खालच्या. मधे ओढा. लोकांना वाटतं, नदीकाठच्या गावात पूर समोरून, नदीतून येतो. आपल्याकडे तो पाठीमागून येतो. नदी फुगली की तिचं पाणी ओढ्यात उलटं चढतं, आणि तुझं गाव तिन्ही बाजूंनी पाण्यात जातं. हे तुला सून म्हणून आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं, असं तू सांगायचीस. तुमचं घर पिंजाऱ्याचं. नवीन नवरीच्या अंगावरचा कापूस झाडून होत नाही तोवर सगळ्या गाद्या डोक्यावर घेऊन पळायची वेळ आली म्हणे. ते सांगताना तू इतकी हसायचीस की पुढचं ऐकायला यायचं नाही.

आपली खरी ओळख झाली ती मात्र तालुक्याच्या ठिकाणी. पूर, आग असलं काही आलं तर गावानं काय करायचं, याची शिकवण होती. काठाच्या सहा गावांतून दोन-दोन बाया बोलावल्या होत्या. साहेबांनी मोठे कागद वाटले आणि सांगितलं, आपापल्या गावाचा नकाशा काढा. मी काढला. नदी, म्हसोबा, घरं, वर गायरानातलं टेकाड, आणि शेवटी ओढा. तिथं माझा कागद संपला. तू शेजारी बसून डोकावलीस.

"तुझा ओढा अर्धाच हाय."

"तेवढाच आमच्या हद्दीत हाय."

"आन अर्धा माझ्या कागदावर. मंग पूर आला की कागदाच्या कडेला येऊन थांबतो का, हद्द बघत?"

असं म्हणून तू माझा कागद ओढलास आणि आपल्या कागदाला लावलास. डिंक मागितला, तो नव्हता. जेवणाचा मसालेभात आला होता. त्यातली शितं घेऊन तू दोन्ही कागद चिकटवलेस. साहेब आले. चांगले होते बिचारे, नवीन होते.

"बाई, प्रत्येक गावाची फाइल वेगळी आहे. असं जोडून चालणार नाही."

"मंग साहेब, दोन्ही फायलीत ह्योच लावा. आम्हाला चालंल."

सगळ्या हसल्या. पण मंग एकेकीनं आपापला कागद आणून जोडला. सहा गावांचे सहा कागद शितांनी चिकटवून जमिनीवर पसरले, तेव्हा गोदावरी पहिल्यांदा सलग दिसली. साहेबही खाली बसले. त्या लांब कागदावर सगळ्यांना दिसलं की प्रत्येक गावानं पुरात जायची जागा म्हणून शाळा दाखवली होती, आणि तीन गावांच्या शाळा नदीच्या बाजूला खोलगटात होत्या. साहेबांनी विचारलं, असं कसं? मी सांगितलं, शाळेला जमीन दान मिळते. चांगली, उंचावरची जमीन दान कोण करतं? जी पाण्यात जाते तीच देवाला आणि शाळेला मिळते.

तू मात्र ऐकत नव्हतीस. तुझं बोट माझ्या कागदावरच्या टेकाडावर होतं. दोन्ही गावांच्या मधे, ओढ्याच्या आमच्या बाजूला, पाणी कधीच न चढलेली तेवढी एकच जागा. पावसाळ्यात आमच्या मेंढ्यांचा वाडा तिथं बसतो. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून बसतो.

मी तुझं बोट उचलून बाजूला ठेवलं.

परत येताना जीपमध्ये आपण दोघी मागच्या फळीवर बसलो. तू चार वेळा माझ्या पायावर पाय दिलास आणि एकदाही चुकलं म्हणाली नाहीस. उतरताना म्हणालीस, "उद्या ये. चहा पी. आपल्याला काम हाय." मी म्हटलं, मला मेंढ्यांचं काम असतं. दुसऱ्या दिवशी तूच आलीस.

त्यानंतर फोनची साखळी लागली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की वरच्या गावच्या कौशल्याला कळायचं. ती मला सांगणार, मी तुला, तू खालच्या गावाला. असं ठरलं होतं. तू त्यात आपलं एक घुसडलंस. तू नदीपलीकडे बीड जिल्ह्यातही फोन करायला लागलीस. तालुक्यातून कुणीतरी विचारलं, दुसऱ्या जिल्ह्यात सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं?

"माहेर हाय माझं. माहेराला जिल्हा असतो का?"

  पुढं पलीकडच्या तीन गावांनी तुझा नंबर घेतला. तिकडच्या बाया तुला फुफी, म्हणजे आपली आत्या, म्हणायला लागल्या. पाणी दोन्ही काठांना सारखंच लागतं, हे कळायला शिकावं लागत नाही. पण दोन्ही काठांना एकाच वेळी सांगायचं, हे तुझ्याआधी कुणी केलं नव्हतं.

आता ते सांगते, जे मी तुला सांगितलं नाही.

पोळ्याच्या आधीचे दिवस होते. आमच्याकडे दहा-बारा दिवस थेंब नव्हता. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, ऊन असं की दगडावर बसवेना. त्या पावसाळ्यात दोनदा फोन आले होते आणि दोन्ही वेळा पाणी काठाच्या आतच राहिलं होतं. लोकांनी बाजा, भांडी, पोतं-पोतं दाणे सडकेवर नेले आणि परत आणले. परत आणताना मला शिव्या दिल्या. आमच्या गावात मला वेधशाळा म्हणायला लागले होते. मी दुकानात गेले की, "या, वेधशाळा आली. आज साखर द्यायची का छत्री?"

मला ते लागलं होतं. मी कुणाला दाखवलं नाही, तुलाही नाही.

त्या दिवशी जेवणं होऊन गेली होती. कौशल्याचा फोन आला. "मावशी, दरवाजे उघडले. या बारीला लई पाणी हाय. जल्दी सांग खाली." मी म्हटलं, सांगते. आणि बाहेर येऊन आभाळ बघितलं. मेंढ्या खालच्या रानात होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं.

तू धनगराच्या घरची नाहीस, म्हणून सांगते. पाणी यायचं असलं की मेंढरू आधी सांगतं. ती एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, डोकी आत घालतात, आणि पुढची मेंढी काही केल्या खोलगटात उतरत नाही. माझ्या सासूनं मला हे शिकवलं, तिच्या सासूनं तिला. मी पन्नास वर्षं त्यावर चालले आणि माझं कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशी मेंढ्या सुट्ट्या सुट्ट्या बसून रवंथ करत होत्या. एकीनं मान वर केली नाही.

मी फोन कनवटीला खोचला. म्हटलं, थोडं बघू.

मेंढरांना पाऊस कळतो. धरणाचे दरवाजे कळत नाहीत. पाऊस नाशिककडे पडला होता, दूर कुठंतरी, आमच्या मेंढ्यांना त्याचा वास कुठून येणार? हे कुण्या शहरातल्या माणसाच्या हातून झालं नसतं. त्याला मेंढ्या वाचता आल्याच नसत्या, त्यानं मुकाट फोन केला असता. मला जास्त कळत होतं म्हणून माझ्याकडून झालं.

दोन तासांनी ओढ्यातून पाणी उलटं चढलं. आवाज नसतो त्याला. तुझ्या शेळ्या ओढ्याकडच्या बाभळीखाली दावणीला होत्या. तुझे मालक रसूलभाई सोडायला धावले. दाव्याची गाठ ओली झाली, सुटेना. पाणी छातीला लागल्यावर ते बाभळीवर चढले. काटे मोडून घेतले सगळ्या अंगात. संध्याकाळी गावातल्यांनी दोर टाकून त्यांना ओढून काढलं. शेळ्या बांधलेल्या होत्या, त्या गेल्या. खालच्या गावाला आणि तुझ्या माहेरीही निरोप गेला नाही, कारण तुलाच आला नव्हता. तिकडं नदीवरच्या मोटारी वाहून गेल्या. माणूस कुठलं गेलं नाही. तेवढं एक.

दुसऱ्या दिवशी मी सडकेनं लांबचा फेरा घेऊन तुझ्याकडे आले. तू रसूलभाईंच्या पाठीतले काटे काढत होतीस. सुईनं एकेक काढायचीस आणि पितळीत टाकायचीस. वर न बघता म्हणालीस, "फोन न्हाई आला गं तुझा."

तुझ्या बोलण्यात राग नव्हता. नुसतं विचारलंस.

मी म्हटलं, "रेंज न्हाई होती."

तू मान हलवलीस. रसूलभाईंना म्हणालीस, "मी म्हनलं न्हाई का तुम्हाला? रेंज न्हाई म्हणून. न्हाईतर सुंदराचा फोन येणार न्हाई, असं होईल का?" आणि मला म्हणालीस, "बस. दुसरी सुई घे. तुझी नजर माझ्याहून चांगली हाय."

मी बसले आणि काटे काढले. त्यावेळी सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण तू मला सुई दिली होतीस, आणि त्या सुईनं माझं तोंड शिवलं म्हण.

पुढं तू काय केलंस ते तुला आठवत असेल. रेंज जाते, म्हणून नुसत्या फोनवर भागणार नाही, असं तू गावोगाव सांगत सुटलीस. मशिदीचा भोंगा आहे, देवळाचा भोंगा आहे, त्यावरून पुकारा झाला पाहिजे. तू इमामसाहेबांकडे गेलीस. आमच्या देवळाच्या पुजाऱ्याकडे मला पुढं केलंस. दोघांनीही आधी सांगितलं, दुसरा तयार झाला तर बघू. मंग तू इमामसाहेबांना सांगितलंस की पुजारी तयार झाले, आणि मला सांगितलंस की पुजाऱ्याला सांग, इमामसाहेब तयार झाले. दोन खोट्यांतून एक खरं काम झालं. माझं धरलं तर तीन खोट्यांतून.

पहिल्या चाचणीला माईक तूच घेतलास. "बहनों, मावशांनो, पाणी आलं न्हाई, येणार बी न्हाई, मी नुसतं बघून राह्यले, आवाज येतो का न्हाई." अर्ध्या गावानं पहिले दोन शब्द ऐकले आणि शेळ्या-कोंबड्या घेऊन सडकेला लागलं. माझा दीर तिथून परत आला आणि म्हणाला, "तुझ्या मैत्रिणीला भोंगा कशाला पाहिजे होता? ती अशीच बोलली असती तरी भागलं असतं."

पण ते चाललं. पुढच्या दोन पावसाळ्यांत तीनदा पाणी चढलं आणि काठावरच्या एकाही घरात माणूस किंवा जनावर अडकलं नाही. तालुक्याहून माणसं बघायला आली. तू त्यांना सांगायचीस, त्या साली रेंज गेली म्हणून आम्हाला अक्कल आली. आणि माझ्याकडे बोट दाखवायचीस, "हिनं लई प्रयत्न केला त्या दिवशी फोन लावायचा. हो ना गं?"

मी पदर सारखा करायचे.

तू माझ्या खोट्यावर एवढं चांगलं काम उभं केलंस, की खरं सांगायला जागाच उरली नाही. पण हा बहाणा आहे, हे मला कळतं. जागा भरपूर होती. मला लाज वाटत होती.

मंग टेकाडाचं भांडण लागलं. तुला वाटायचं, निरोप पोचला तरी माणसं जाणार कुठं? सडकेवर किती दिवस उभी राहणार? टेकाडावर एक पक्की शेड पाहिजे, दोन्ही गावांना मिळून, आणि ओढ्यावर पूल, म्हणजे तुझं गाव तिथवर येईल. दोन्ही ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यात एकच काम लिहायचं. सहा महिने तू माझ्यामागे होतीस.

मी नाही म्हटलं. कागद नाही आमच्याकडे त्या जागेचा. गायरान सरकारचं. एकदा तिथं सिमेंट आलं की पहिल्या वर्षी म्हणतील मेंढ्या बाजूला बसवा, दुसऱ्या वर्षी म्हणतील वास येतो, तिसऱ्या वर्षी आम्ही बाहेर. हे होताना मी दुसरीकडं बघितलं आहे.

"माणसं बुडायला लागतील तवा तू मेंढ्यांना कुरवाळत बस," तू म्हणालीस.

"जनावर सोडून माणूस येतच न्हाई, हमीदा. शेडमधी माणसंच जाणार असतील तर ती रिकामी राह्यल. तुझाच नवरा शेळ्या सोडायला पाण्यात गेल्ता. आधी जनावराची जागा कर, मंग माणसाची बोल."

तू उठून चालू लागलीस.  मी बरोबरच बोलले होते, आजही तसंच म्हणेन. पण त्या शेळ्यांचं नाव घ्यायचा हक्क जगात सगळ्यांना होता, मला नव्हता.

त्यानंतर तू आली नाहीस आणि मी आले नाही. मंग कळलं, तुला जालन्याला दवाखान्यात नेलंय. मी आठ दिवस काढले. नवव्या दिवशी जीप, मंग बस, मंग नवीन जालन्यात दवाखाना शोधत रिक्षावाल्याशी भांडण, असं करत पोचले. तुझ्या नाकाला नळी होती. तू डोळे उघडलेस आणि मला बघून कसं आहे, कधी आलीस, काही विचारलं नाहीस. म्हणालीस, "ठराव घेतला का?"

मी म्हटलं, "आधी बरी हो."

तू तोंड भिंतीकडं केलंस. मी थोडा वेळ तुझ्या पायाशी बसले. तुझ्या टाचांना भेगा होत्या. मी पिशवीतून खोबरेल काढून लावलं. तू पाय ओढून घेतला नाहीस. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं.

तू गेल्यावर मी टेकाडावर जाऊन बसले. रडले नाही. मला उगाच बोलायचं नाही, रडू आलं नाही. राग आला. तू अर्ध्यावर टाकून गेलीस असं वाटलं. मंग मुलाला सांगितलं, आपल्या गावच्या ग्रामसभेत मी टेकाडाचं बोलणार आहे.

तो म्हणाला, "आई, बा असता तर त्यानं दिलं असतं का?"

"तुझ्या बाला मी विचारलं नसतं, सांगितलं असतं. तुलाबी सांगूनच राह्यले."

सभेत मी सांगितलं, टेकाडावर शेड बांधा. पण आधी पत्र्याचा गोठा, दोन्ही गावांच्या जनावरांना पुरेल एवढा. आणि पावसाळ्याचे चार महिने आमचा वाडा तिथंच बसेल, हे ठरावात लिहा. ग्रामसेवकानं लिहिलं. मी वाचून बघितलं. पण तो म्हणाला, आजी, पुलाची जागा खालच्या गावच्या हद्दीत येते. त्यांनी त्यांच्या आराखड्यात हेच काम घेतलं, आणि दोन्ही ठराव सोबत गेले, तरच वर काही बोलता येईल.

पूल नसेल तर टेकाड तुझ्या लोकांच्या काय कामाचं? सगळ्यात आधी ओढाच भरतो.

म्हणून परवा मी तुझ्या गावच्या सभेला गेले. शाळेच्या वऱ्हांड्यात होती. तुझी सून बाया घेऊन आली होती. रसूलभाई भिंतीला टेकून मागं बसले होते. तुझं नाव निघालं, पुलाचं निघालं, आणि तुमचे जुने सरपंच, तात्या, उभे राहिले. त्यांना गावातल्या गावात सडक पाहिजे होती, पूल नको होता.

"सुंदराबाई दुसऱ्या गावच्या. त्यांचा मान हाय, पण त्यांच्या गायरानात जायला आमच्या आराखड्यातला पूल कशाला? आता फोन हाय, भोंगा हाय. त्या साली घोटाळा झाला तो रेंज गेली म्हणून. आता इथं नवीन टॉवर हाय. मंग पळायला पूल कशाला पाहिजे? येळंवर कळालं की सडकेनं आरामात जातील."

माना हलल्या. तात्याचं बोलणं पटण्यासारखं होतं. माझ्याच बोलण्यावर तर ते उभं होतं. मी एक शब्द बोलले नसते तर तुझा पूल तिथंच संपला होता, आणि बुडवणारी परत मीच.

मी उभी राहिले.

"रेंज गेली न्हाई. त्या दिवशी रेंज होती. मला फोन आल्ता. मी पुढं केला न्हाई."

मागच्या बाया उठून पुढं सरकल्या.

"का?" तात्यानं विचारलं.

"आभाळ साफ होतं आन मेंढ्या निवांत होत्या. मला वाटलं, धरणावरच्या माणसापेक्षा मला जास्त कळतं. आन लोक हसत होते, ते मला सोसत नव्हतं." मंग मी एवढंच म्हटलं, "उद्या माझ्या जागी दुसरी कुणी असंल. तिलाबी कशानं तरी वाटंल, थोडं थांबू. तिनं दोन तास घालवले, तर तुमची सडकेला निघायची वाट आधी पाण्याखाली जाते. फोन करणारं माणूस चुकलं तरी गाव वाचलं पाहिजे. त्याच्यासाठी पूल पाहिजे."

मी रसूलभाईंकडे बघायचं टाळत होते. तेच उठून उभे राहिले, भिंतीला हात धरून.

"हमीदाला सांगितलं होतं का कधी?"

"न्हाई."

 मला वाटलं, हाकलून देतील. मी जायला तयार होते.

"सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "दोन दिवस भांडली असती. तिसऱ्या दिवशी तुझ्याच घरी चहा प्यायला आली असती."

मंग ते ग्रामसेवकाकडे वळले आणि म्हणाले, "लिहा. पुलाला माझं हो हाय." पहिला हात त्यांचा वर गेला. मंग तुझ्या सुनेचा. मंग बायांचे, मंग मागं बसलेल्या माणसांचे. तात्यानं शेवटी केला, अर्धाच वर, पण केला. माझा हात कुणी मोजणार नव्हतं, मी दुसऱ्या गावची. मी तो पदरात धरून उभी राहिले.

दोन्ही ठराव गेले आहेत. वरून मंजूर होईल की नाही, कधी होईल, ते मला माहीत नाही, आणि तुला खोटं सांगणं आता बंद.

हमीदा, एवढ्या वर्षांत तुला सांगायचं टाळलं, ते तुझी मैत्री जाईल या भीतीनं. मला वाटलं होतं, ती मी सांभाळून राहिले. ती तर जाणारच नव्हती. त्या खोट्यापायी तुझे-माझे ते दोन दिवस तेवढे गेले, तू ओरडून भांडली असतीस ते. पूल झाला तरी ते दोन दिवस मला मिळायचे नाहीत.